सैल मापाची सायकल

“अख्ख्या गावाच्या कमरेचा घेर मला तोंडपाठ आहे! मला कुणी माप शिकवायचं?”

हे वाक्य टेलर मास्तरांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात उच्चारलं, तेही तपासणीच्या टेबलावर बसून, सदऱ्याच्या गुंड्या उघड्या टाकून. अशा अवस्थेत माणसानं खरं तर फुशारकी मारू नये. पण मास्तर म्हणजे मास्तर! सत्तरी आली तरी कात्री हातात धरली की समोरचं कापड आपोआप सरळ होतं, असा त्यांचा दरारा. चौकाच्या कोपऱ्यावर दोन उंच पायऱ्या चढून गेलं की त्यांचं दुकान. पुढे मास्तरांचं कापायचं टेबल, मागे खिडकीशी काकूंचं शिलाई मशीन. काकू म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर बेतणार, काकू शिवणार, असा संसार आणि धंदा एकाच दोऱ्यावर वर्षानुवर्षं चाललेला.

दवाखान्यात यायचं कारण बोटं. मास्तर रोज सकाळी डॉक्टर आणि फोटो स्टुडिओवाले यांच्याबरोबर कालव्याच्या कडेनं सायकल हाणायचे. रस्ता खडीचा, आणि मास्तरांची सायकल म्हणजे चाकं लावलेला लोखंडी पलंग! टायर दगडासारखे. खडीवरून गेली की दात एकमेकांशी भांडायला लागायचे. हल्ली तिथून परत आल्यावर बोटांना मुंग्या येत, आणि त्या मुंग्या दुपारपर्यंत मुक्काम करीत. परवा मास्तरांना सुईत दोरा ओवता आला नाही. त्यांनी सुई बदलली, दोरा बदलला, चष्मा पुसला, खिडकीशी गेले. शेवटी काकूंनी काही न बोलता सुई हातातून घेतली आणि दोरा ओवून परत दिली. त्या न बोलण्यानं मास्तर आतून हलले. बोटं गेली तर टेलरचं राहिलं काय? मिशा?

“एक तर सायकल बदला, नाही तर सायकल सोडा,” डॉक्टर म्हणाले. “ग्रॅव्हल बाईक घ्या. खडीसाठीच असते ती. रुंद टायर, हलकी फ्रेम. पण मापाची घ्या बरं! दुकानात बसून नीट माप द्या. आणि पडू नका. या वयात कमरेचं हाड मोडलं तर मी काय, कुणीच तुम्हाला शिवू शकणार नाही.”

त्यावर मास्तरांनी ते वरचं वाक्य टाकलं आणि गुंड्या लावून थेट सायकलच्या दुकानात गेले.

दुकान चालवायची एक तिशीतली बाई. सगळे तिला सायकलवाली म्हणत. हात ग्रीसनं काळे, बोलणं स्वच्छ. तिनं मास्तरांना भिंतीशी उभं राहायला सांगितलं आणि गळ्यातला टेप काढला.

मास्तर दोन पावलं मागे सरले. “हे काय?”

“माप घेते. उंची, पायाची आतली लांबी, हात.”

“कुणाचं?”

“तुमचं!”

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या गळ्याभोवती टेप टाकला, त्याच्या गळ्यापर्यंत आज दुसऱ्याचा टेप आला होता! मास्तरांचा चेहरा वसूल न झालेल्या बिलासारखा झाला. “पोरी, लिहून घे,” म्हणाले आणि आपली मापं त्यांनी पाढे म्हटल्यासारखी घडाघडा म्हणून दाखवली.

“केव्हाची आहेत ही?”

“केव्हाची म्हणजे? हाडं काय कापड आहेत का, धुतली की आटायला?”

सायकलवालीनं खांदे उडवले. मग तिनं एक फ्रेम दाखवली. “या मापाला ही लागेल.”

“याच्यापेक्षा मोठी नाही?”

“आहे. पण ती तुमच्याहून उंच माणसाची.”

“तीच दे. आरामशीर हवी ना? मग सैल हवी! घट्ट पँटमध्ये कुणाला आराम मिळालाय?”

“मास्तर,” ती हात जोडून म्हणाली, “सायकल अंगात घालायची नसते.”

पण मास्तर ऐकतायत होय! कोट काखेत कधी काचतो, खांद्यात जागा का सोडतात, यावर त्यांनी तिला एवढं ऐकवलं की पंक्चर काढायला आलेला माणूस हवा भरून घेऊन तसाच निघून गेला. शेवटी ती थकली. “चालवून तरी बघा,” एवढंच म्हणाली. मास्तर म्हणाले, “कोट बेतल्यावर मी गिऱ्हाइकाला चौकात पळवत नाही!”

सायकल आली. निळी, देखणी, आणि घोड्याएवढी! फ्रेमची वरची दांडी मास्तरांच्या अशा ठिकाणी आली की त्यांना तिच्यावरून पाय टाकून उभं राहताना टाचा उचलून धरायला लागल्या आणि श्वासही. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, आणि इतकं लांब की त्याच्याशी बोलायचं तर हाक मारायला हवी.

“जरा मोठी वाटते का हो?” काकूंनी विचारलं.

“नवी आहे. वापरली की बसेल अंगाला.”

सीट मात्र त्यांना फारच कडक वाटली. मग काय, घरचाच धंदा! मास्तरांनी कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड एकावर एक रचले, वर जाड मखमल ओढली आणि सीटला असं कव्हर शिवलं की तिच्यावर एखाद्या राजाचा मुकुट ठेवावा. बोट दाबलं तर आत जायचं आणि बराच वेळ बाहेर यायचं नाही. पण त्या गादीनं सीट आणखी वर गेली. आता मास्तर बसले की त्यांचे पाय पेडलला जेमतेम पोचायचे. जमीन तर परगावी राहिली!

“उतरणार कसे?” काकूंनी विचारलं.

“चढलो तसा! दुकानाच्या पायरीवरून.”

आणि खरंच, त्यांनी दुकानाच्या वरच्या पायरीवर उभं राहून, दाराची चौकट धरून, सायकलवर आपलं आसन मांडलं. नवी विजार घातली होती, स्वतः बेतलेली, राखाडी, इस्त्रीची धार अशी की पेन्सिल तासावी. “एक फेरी मारून येतो,” म्हणाले. “चौकाला वळसा. बघत राहतील लोक!”

सायकल सुटली. आणि काय सांगावं, सुरुवातीला मास्तरांचा ऊर भरून आला! रुंद टायर रस्त्यावरून असे गेले जसे इस्त्री कापडावरून जाते. खड्डे आले नि गेले, बोटांना पत्ता नाही. औषधांचं दुकान मागे पडलं, लाँड्री मागे पडली, शाळेची भिंत मागे पडली. आपला चौक इतका सुंदर आहे हे मास्तरांना आजच कळलं. हा आनंद दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत टिकला.

कोपऱ्यावर वळले आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. पायरीला लागून एक टेम्पो उभा! वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येत होतं, आणि त्याचं भलंमोठं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. कपाट वर जाईना, खाली येईना. टेम्पो हलेना. पायरी गायब!

मास्तरांनी ब्रेक दाबायला म्हणून हँडलवरचा दांडा दाबला. तो वाकडा दाबला गेला आणि गिअर पडला. सायकल हलकी होऊन जास्तच जोरात पळाली! या सायकलीला ब्रेक आणि गिअर एकाच दांड्यात असतात हे सायकलवाली सांगत होती, तेव्हा मास्तर तिला कोटाच्या अस्तराबद्दल सांगत होते. पुढच्या खेपेला ब्रेक सापडला, पण सापडून उपयोग काय? थांबलं की पाय टेकायला हवेत. पाय टेकत नाहीत, म्हणजे पडायचं. आणि पडायचं म्हणजे डॉक्टरांचं ते हाड! मास्तरांनी ब्रेक सोडला. दुसरी पायरी शोधली. औषधांच्या दुकानापुढे स्कूटर ओळीनं लावलेल्या. शाळेच्या भिंतीपुढे उघडं गटार. चालवत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुकानाच्या खिडकीवरून जाताना त्यांनी ओरडून सांगितलं, “अगं, उतरता येत नाही!”

मशीनच्या खडखडाटात काकूंना ऐकू आलं ते एवढंच, “उतरत नाही!”

“नका उतरू!” काकू आतून म्हणाल्या. “हौस पुरी करून घ्या!”

पुढच्या फेरीला मास्तर आणखी जोरात ओरडले, “स्टूल! स्टूल आण!” त्यावर काकूंनी मान वर न करता “कूल आहे, कूल आहे” असं कौतुक केलं. परवाच त्यांनी हा शब्द नातीकडून उचलला होता.

आता लोक बघायला लागले. औषधवाल्यानं आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “मास्तर! सत्तरी ओलांडली, आणि थांबायचं नाव नाही!” गिऱ्हाईक बाहेर आलं. त्याच्यामागे रांगेतले बाकीचे आले, खोकला विसरून. लाँड्रीवाला दारात येऊन टाळ्या वाजवायला लागला. कुणीतरी म्हणालं, ते विक्रम करतायत. झालं! पुढच्या फेरीला चौकाच्या चारही बाजूंना माणसं उभी.

“धरा!” मास्तर कळवळून ओरडले. “मला धरा!”

“धरलाय, धरलाय!” फोटोवाले आनंदानं ओरडले. त्यांनी स्टुडिओतून कॅमेरा आणून मास्तरांवर धरला होता. “जरा हसा! असं रडकं तोंड काय करताय? विक्रमवीर हसतात!”

मास्तर खरंच रडकुंडीला आले होते. सैल फ्रेमवर ते असे आडवे झाले होते की तोंडासमोर फक्त पुढचं चाक दिसायचं. पाठीतून कळा निघत होत्या. मखमलीची गादी एका बाजूला घसरली होती आणि मास्तर तिच्या मागोमाग घसरत होते. शाळा सुटली होती, मुलं त्यांच्या नावाचा घोष करीत होती. एवढी माणसं, सगळी ओळखीची, बहुतेकांच्या अंगावर मास्तरांनी बेतलेले कपडे, आणि एकालाही कळू नये की हा माणूस मदत मागतोय! आपण असेच फिरत राहणार, संध्याकाळ होणार, लोक जेवायला घरी जाणार, आणि आपण फिरतच राहणार, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग पायांतलं बळ संपेल. मग पडायचंच आहे. आत्ताच का नाही पडायचं? माणसाला इतकं एकटं फक्त टाळ्यांच्या कडकडाटातच वाटू शकतं.

तेवढ्यात उजव्या पायाशी काहीतरी फटकन सुटलं.

विजारीची कड! दुमडलेलं कापड उलगडलं आणि पायाखाली लोंबायला लागलं, चांगलं दोन बोटं. पुढच्याच पेडलला ते साखळीनं तोंडात घेतलं. एक चावा, दुसरा चावा, मास्तरांचा पाय साखळीकडे ओढला गेला, चाक अडलं, आणि लाँड्रीसमोर सायकल कलली. लाँड्रीवाल्याची ढकलगाडी तिथंच उभी होती, धुवायच्या चादरींनी शिगोशीग भरलेली. मास्तर तिच्यात तोंडघशी गेले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की जिन्यात कपाट धरलेल्या हमालांनीही ते सोडून खाली डोकावून पाहिलं. आणि त्या धक्क्यानं कपाट जिन्यातून सुटलं! टेम्पो लगेच निघून गेला. पायरी मोकळी!

काकू धावत आल्या. “लागलं का? कुठं लागलं? कंबर हलवा बघू!”

मास्तरांचं कमरेकडे लक्षच नव्हतं. चादरींत बसून ते विजारीचा उलगडलेला पाय हातात धरून बघत होते. कापडावर घडीची जुनी रेघ होती, आणि रेघेच्या वर दोऱ्याचे बारीक बारीक टाके. नाजूक, तिरके, शेवटी छोटीशी दुहेरी गाठ. ही तुरपाई मास्तर अंधारातही ओळखतील. मशीनवर बसणाऱ्या बाईच्या हातची ती तुरपाई, सगळ्या गावात दुसऱ्या कुणाची नाही.

“ही विजार मी माझ्या मापानं कापली होती,” ते हळू आवाजात म्हणाले. “कड मीच घातली होती. ही दुसरी दुमड कुणाची?”

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. लोक अजून टाळ्या वाजवत होते. “घरी चला, मग बोलू.”

“सगळ्या विजारींना घालतेस?”

“अहो, चला ना.”

“कधीपासून?”

काकू ढकलगाडीच्या कडेवर टेकल्या. “पहिल्यांदा अगदी अर्धं बोट होतं. मग बोटभर. हल्ली दोन बोटं घालते. तुम्ही रात्री झोपलात की.”

“म्हणजे मी...” मास्तरांना शब्द सापडेना. गिऱ्हाइकाबद्दल असता तर लगेच सापडला असता. “मी आटलो?”

“सगळेच आटतात हो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस!”

“तुम्ही सांगता का? त्या औषधवाल्याचं पोट केवढं सुटलंय, आणि तुम्ही दरवेळी त्याला म्हणता, कापडच धुऊन आटलंय! त्याच्याशी खोटं बोललेलं चालतं, मग नवऱ्याशी का नको?”

मास्तरांनी मान खाली घातली. आपण रोज सकाळी आरशासमोर उभे राहत होतो, विजार बरोबर टाचेवर पडत होती, आणि आपल्याला वाटत होतं आपण अजून तेच, तेवढेच! इतकी वर्षं ही बाई आपल्या झोपेत आपली विजार आपल्या मापाची करत होती. त्यांना फार राग यायला हवा होता. राग आलाच नाही. नुसतंच खूप खाली गेल्यासारखं वाटलं, त्या उंच सायकलवरून उतरल्यापेक्षाही खाली.

“हाताला धर,” ते म्हणाले. “चादरींतून निघता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते सायकलवालीकडे गेले. आपणहून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, चप्पल काढून, टाचा टेकवून, हनुवटी सरळ. तिनं टेप लावला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आपल्या टेबलापुढे उभी राहून पोट आत ओढणारी सगळी माणसं त्यांना त्या क्षणी आठवली, आणि त्यांची दया आली.

“सांगू का आकडा?” तिनं विचारलं.

“नको. लिही आणि कागद उलटा ठेव.”

ती हसली नाही. मोठी सायकल तिनं परत घेतली, दुकानात टांगायला बरी आहे म्हणाली, आणि आतून एक लहान फ्रेम काढली. हिरवी. वरची दांडी खाली उतरलेली. हँडल जवळ आणि वर आणलेलं, दोन्ही बाजूंना थोडं फाकलेलं, म्हणजे वाकायला नको. टायर आणखी रुंद, त्यात हवाही कमी, म्हणजे खडीचा मार चाकातच जिरावा. सीट बघून मास्तरांना वाईट वाटलं. किती अरुंद, किती कडक!

“गादी घालू नका,” ती म्हणाली. “मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि नको तिथं दाब येतो. बसून बघा. चौकात फेरी मारून या.”

या वेळी मास्तर निमूट गेले. थांबले, पाय टेकले. दोन्ही! पुन्हा चालवली, पुन्हा थांबले, पुन्हा पाय टेकले. उगाचच. वाटेत औषधवाल्यानं विचारलं, “मास्तर, आज विक्रम नाही?” मास्तर म्हणाले, “आज फक्त उतरतोय.”

पुढच्या रविवारी ते कालव्यावर एकटेच गेले. डॉक्टर आणि फोटोवाल्यांना त्यांनी सांगितलंच नाही. पुन्हा काही घडलं तर निदान साक्षीदार नकोत! पण काही घडलं नाही. खडी लागली आणि मास्तर वाट बघत राहिले, आता दात वाजतील, आता मुंग्या येतील. नाही! सायकल खडीवरून पाण्यासारखी वाहत होती. पाठ सरळ. मनगटं मोकळी. नेहमीची परत फिरायची जागा आली, तो मोडका पूल, आणि मास्तर त्याच्यापुढे गेले. कितीतरी वर्षांत ते त्याच्यापुढे गेले नव्हते. पुढे कालव्याला वळण होतं. त्यापुढे बाभळी. त्यापुढे काय असेल? तेही बघितलं. वारा पाठीशी होता, पण पाठीशी असलेला वारा कुणाला कळतो! मास्तरांना वाटलं हे सगळं आपलंच बळ.

काकू मशीनवर होत्या तेव्हा फोन वाजला.

“अहो, कुठे आहात? दुपार झाली!”

“धरणावर.”

“धरणावर? जिथून कालवा निघतो तिथं? एवढ्या लांब!”

“हो ना.”

“पडलात का?”

“छे!”

“बोटं?”

“ठणठणीत. आत्ता दोरा दे, ओवून दाखवतो.”

“पाठ?”

“आहे की नाही कळत नाही, इतकी बरी आहे.”

“मग झालं की चांगलं! सायकल आरामशीर निघाली एकदाची!”

“फार आरामशीर,” मास्तर म्हणाले. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. परतीच्या वाटेवर तो वारा आता समोरून येणार होता. मास्तर धरणाच्या कठड्यावर बसले होते आणि दोन्ही पाय हातांनी उचलून एकावर एक ठेवायचा प्रयत्न करीत होते. पाय ऐकत नव्हते.

“मग निघा की आता परत!”

“सायकल यायला तयार आहे गं,” मास्तर ओशाळून म्हणाले. “मला न्यायला कुणाला तरी पाठव.”